छातीला चेंडू लागला आणि मूल कोसळलं : पहिल्या तीन मिनिटांची तयारी

सीझन बॉल छातीवर आदळतो. मूल छाती चोळत दोन पावलं चालतं, पायाशी पडलेला चेंडू उचलायला वाकतं आणि तोंडावर पडतं. बघणाऱ्यांना वाटतं दम कोंडला असेल, उन्हाने चक्कर आली असेल. कुणीतरी पाण्याची बाटली आणायला धावतं. त्या धावपळीत जो दीड-दोन मिनिटांचा वेळ जातो, तोच सगळ्यात महाग असतो.

हा लेख नुकतेच कोच झालेल्यांसाठी, शाळेच्या किंवा सोसायटीच्या टीमची जबाबदारी गळ्यात पडलेल्यांसाठी आणि रविवारी मुलाला मैदानावर नेणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. वैद्यकीय शिक्षण नसलं तरी चालेल. मात्र यातल्या दोन गोष्टी, छाती दाबणं आणि एईडी (हृदयाची लय तपासून गरज असेल तर विजेचा शॉक देणारं छोटं यंत्र) लावणं, कुठल्यातरी प्रशिक्षणात पुतळ्यावर हाताने करून बघा. नुसतं वाचून हात बसत नाही.

१. आधी समजून घ्या : नेमकं काय होतं?

डॉक्टर याला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. छातीच्या डाव्या बाजूला, बरोबर हृदयावर मार बसतो. बरगडी मोडत नाही, हृदयाला जखम होत नाही, बाहेरून फार तर एक लाल वळ दिसतो. पण हृदयाची लय विस्कटते.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा विद्युतभारित होत असतात. ईसीजीवर हा काळ ‘टी’ लहरीच्या चढावर दिसतो. त्यात साधारण २० ते ४० मिलिसेकंदांची एक नाजूक फट असते. नेमक्या तेव्हाच धक्का बसला तर खालचे कप्पे एकत्र आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात. याला ‘व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन’ म्हणतात. ढोल-ताशा पथकात एकाएकी प्रत्येक ढोलवाल्याने आपापला वेगळा ठेका धरला तर जे होईल, तेच. आवाज भरपूर, पण मिरवणूक जागच्या जागी. हृदय हलत असतं, रक्त मात्र पुढे जात नाही, आणि काही सेकंदांत मेंदूला पुरवठा बंद पडल्याने मूल बेशुद्ध होतं.

शॉक देणं म्हणजे सगळ्या ढोलवाल्यांना एकदम थांबवणं. मग हृदयाचा मूळचा ताशा पुन्हा ठेका देतो आणि सगळे त्यावर येतात. हृदय धडधाकट असल्यामुळे हा शॉक वेळेत मिळाला तर मूल पूर्ण बरं होऊ शकतं. मेलेल्यांमध्ये आणि वाचलेल्यांमध्ये फरक पाडणारी गोष्ट हृदयाची अवस्था नसते. शॉक किती मिनिटांनी मिळाला, हा सगळा फरक असतो.

वेगाबद्दल एक गैरसमज मोडायला हवा. फास्ट बोलर असेल तरच धोका, असं नाही. अमेरिकेत मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास धोका सगळ्यात जास्त दिसला. हा वेग आपल्याकडे बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या सामन्यातही सहज असतो. त्याहून फार जास्त वेगात लय बिघडण्यापेक्षा प्रत्यक्ष जखमा होऊ लागतात. चेंडू जितका लहान आणि टणक, तितका धोका जास्त.

कराचीत जानेवारी १९५९ मध्ये कायदे आझम ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात अब्दुल अझीझ हा विशीही न गाठलेला यष्टिरक्षक-फलंदाज छातीला चेंडू लागून कोसळला आणि इस्पितळात नेताना गेला. तो चेंडू ऑफस्पिनरचा होता. त्या काळी कुणी ईसीजी काढला नव्हता, पण वर्णन याच प्रकाराशी जुळतं. संघाच्या दुसऱ्या डावाच्या धावफलकात त्याच्या नावापुढे ‘मृत’ अशी नोंद आहे.

बळी पडणारे बहुतेक आठ ते अठरा वयाचे मुलगे असतात. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचिक असतो, त्यामुळे धक्का आतपर्यंत पोचतो. बेसबॉल, लॅक्रॉस आणि आइस हॉकीत याच्या सर्वाधिक नोंदी आहेत, कारण नोंदी ठेवणारी मंडळी तिथे आहेत. क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा जड आणि टणक. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, पुरुषांचा क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. हॉकीचा चेंडू, कराटेतली लाथ, कबड्डीत बसलेला गुडघा, फुटबॉलमध्ये लागलेलं कोपर, यांतलं काहीही पुरतं.

२. मोसम सुरू व्हायच्या आधी : वस्तू आणि कागदपत्रं

ही पिशवी स्टंप आणि पॅडच्या किटमध्ये कोंबू नका. वेगळी, लाल रंगाची, चेन सहज उघडेल अशी ठेवा.

वस्तू :
- एईडी, त्याच्या छातीला चिकटवायच्या पॅडच्या एका जादा जोडीसह. लहान मुलं खेळत असतील तर मुलांचे पॅड किंवा मुलांसाठीचं बटण/किल्ली असलेलं यंत्र
- कपडे कापायची बोथट टोकाची मजबूत कात्री (चेस्ट गार्डचे पट्टे कापता आले पाहिजेत)
- कोरडा टॉवेल, छातीवर दाट केस असलेल्या मोठ्या खेळाडूंसाठी वापरून फेकायचा रेझर
- हातमोजे, एकतर्फी झडप असलेला पॉकेट मास्क
- शिट्टी, पेन आणि मैदानाचा पत्ता लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड

कागदपत्रं, प्रत्येक खेळाडूचं एकच पान :
- नाव, जन्मतारीख, वजन, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं
- आईवडिलांपैकी दोघांचे किंवा जवळच्या दोन माणसांचे फोन
- तातडीच्या उपचारासाठी पालकांची सही
- विमा असेल तर पॉलिसीची प्रत
- चार प्रश्नांची उत्तरं : खेळताना कधी शुद्ध हरपली का? धावताना छातीत दुखतं का? डॉक्टरांनी हृदयात आवाज किंवा दोष सांगितला आहे का? घरात पन्नाशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू झाला आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, मग खेळवा. पण या प्रश्नांनी छातीवरच्या माराचा धोका कळत नाही, कारण तो निरोगी हृदयालाही असतो. ‘आमच्या सगळ्या मुलांचे ईसीजी नॉर्मल आहेत’ म्हणून एईडी टाळणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

एईडीची देखभाल सोपी आहे, आणि म्हणूनच ती होत नाही. यंत्रावर एक छोटा दिवा किंवा खूण असते. ती ठीक दाखवते आहे ना, हे प्रत्येक सामन्याआधी बघा. पॅडच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. त्यावरचं चिकट जेल वाळलं की पॅड छातीला नीट चिकटत नाहीत आणि यंत्र ‘पॅड तपासा’ एवढंच म्हणत बसतं. बॅटरीची तारीख मार्करने यंत्राच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथली उष्णता बहुतेक यंत्रांच्या साठवणीच्या मर्यादेपलीकडे जाते.

आणि कुलूप. एईडी महाग म्हणून ऑफिसच्या कपाटात बंद, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी लग्नाला. हे इतकं सर्रास होतं की त्याला अपवाद म्हणवत नाही. चोरीची भीती असेल तर यंत्र सामना सुरू असताना स्कोअररच्या टेबलाखाली ठेवा. तो माणूस दिवसभर जागचा हलत नाही.

३. सामन्याआधीची दोन मिनिटं

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये प्रत्येक सामन्याआधी तासभर दोन्ही संघांचे डॉक्टर, रुग्णवाहिकेचे लोक आणि पंच भेटतात. कोण कुठे उभा, गाडी कुठून आत येणार, कुठल्या इस्पितळात न्यायचं, हे ठरवतात. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत डमार हॅमलिन हा २४ वर्षांचा बफेलो बिल्सचा खेळाडू टॅकल करताना छातीला धक्का बसून कोसळला. तो आधी उठून उभा राहिला होता, मग मागच्या मागे पडला. मैदानातच त्याची छाती दाबली गेली, शॉक दिला गेला. तो वाचला, आणि त्याच वर्षी पुन्हा खेळायला उतरला. कोण काय करणार हे त्या लोकांचं आधी ठरलेलं होतं.

आपल्याकडे डॉक्टर नसतो, गाडी उभी नसते. म्हणून दोन मिनिटं तरी काढा. टॉसच्या आधी दोन्ही कोच, पंच आणि स्कोअरर यांनी चार नावं ठरवायची :

- छाती कोण दाबणार (आणि दमल्यावर दुसरा कोण)
- फोन कोण करणार
- एईडी कोण आणणार
- गेटवर कोण थांबणार

मैदानाचा पत्ता इथेच अडचण करतो. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत आणि एका सामन्याची सीमारेषा दुसऱ्याच्या मिडविकेटमधून जाते. ‘आझाद मैदान’ एवढं सांगून गाडी तुमच्यापर्यंत येणार नाही. ‘अमुक क्लबच्या तंबूजवळ, तमुक रस्त्याकडच्या गेटने’ असं सांगावं लागतं. शिवाजी पार्कलाही तेच. गावाकडच्या शाळेच्या पटांगणाला तर बहुतेक वेळा नकाशावर नावच नसतं. तिथे जवळचं देऊळ, एसटी थांबा, पाण्याची टाकी अशी खूण लॅमिनेट कार्डावर लिहून ठेवा. गेट साखळीने बंद असेल तर किल्ली त्या दिवशी तुमच्या खिशात हवी.

एईडी किती लांब असावा? धावत जाऊन परत यायला मिळून तीन मिनिटांपेक्षा कमी लागली पाहिजेत. स्वतः धावून घड्याळ लावून बघा. अंदाज नेहमी कमी निघतो.

४. कोसळल्यावरचे पहिले दहा सेकंद : ओळखा

छातीला मार लागून कोसळलेलं आणि हाकेला ओ न देणारं मूल म्हणजे हृदय बंद पडलेलं, हे गृहीत धरूनच धावा. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. मग छाती-पोट दहा सेकंदांच्या आत बघा, श्वास नेहमीसारखा चालू आहे का. बस.

नाडी शोधू नका. सवय नसलेल्या माणसाला घाबरलेल्या स्वतःच्या बोटांतली नाडी लागते आणि तो म्हणतो, ‘आहे, आहे!’

तीन गोष्टी हमखास फसवतात.

*आचके.* हृदय बंद पडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत मूल मासळीसारखं तोंड उघडून अधूनमधून घरघरत हवा ओढतं. हा श्वास नव्हे. ‘श्वास चालू आहे सर’ असं म्हणून सगळे थांबतात ते याच जागी.

*झटके.* मेंदूला रक्त न मिळाल्याने काही सेकंद हातपाय ताठतात, झटके येतात, डोळे फिरतात. लगेच कुणीतरी फिट आली म्हणून चप्पल नाकाशी धरतो, कांदा फोडतो, दातांत चमचा घालतो. खेळताना, आणि तेही मार लागल्यावर लगेच आलेली ‘फिट’ ही हृदय बंद पडल्याचीच खूण माना.

*चार पावलं.* मार लागल्यावर मूल लगेच पडेलच असं नाही. चालतं, बोलतं, चेंडू फेकतं आणि मग कोसळतं. आइस हॉकीपटू ख्रिस प्रॉन्गर १९९८ मध्ये छातीला पक (आइस हॉकीतली टणक रबरी चकती) लागल्यावर असाच काही पावलं जाऊन पडला होता. म्हणून छातीला चेंडू लागलेल्या मुलावरून निदान मिनिटभर नजर हटवू नका. ‘लागलं नाही ना रे? चल, पुढचा बॉल’ यातलं ‘चल’ जरा उशिरा म्हणा.

मग नुसता दम कोंडलेलं मूल कसं ओळखायचं? ते शुद्धीत असतं. पोट धरून वाकतं, डोळे उघडे, तुमच्याकडे बघतं, घाबरलेलं असतं, श्वास घ्यायची धडपड करतं. अशाला बसू द्या, मिनिटभरात सावरतं. शंका राहिली, तर छाती दाबायला सुरुवात करा. चालू हृदयावर थोडा वेळ दाबलं गेलं तर फार तर मूल कळवळून हात झटकेल. बंद हृदयावर न दाबण्याची किंमत वेगळी आहे.

५. हुकूम द्या, विनंती नको

‘कुणीतरी १०८ लावा रे’ असं म्हटलं की कुणीच लावत नाही, किंवा सहाजण लावतात. बोट दाखवून बोला :

‘तू, निळी टोपी, १०८ लाव. फोन स्पीकरवर ठेवून माझ्याजवळ ये.’
‘ओंकार, स्कोअररकडून एईडी. पळ.’
‘काका, तुम्ही गेटवर. गाडी आत घ्या.’
‘बाकीची पोरं त्या झाडाखाली.’

महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८, किंवा देशभर चालणारा ११२. फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या : ‘मुलगा बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही, आम्ही छाती दाबतोय.’ मग पत्ता, गेट, खूण. ‘क्रिकेट खेळताना बॉल लागला’ एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला हातपाय मोडल्याची केस वाटू शकते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक. ‘हृदय बंद पडलंय’ हे स्पष्ट बोललात तर योग्य गाडी पाठवायला त्यांना आधार मिळतो. समोरून फोन ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका.

६. छाती दाबणं

मूल पाठीवर, सपाट कडक जमिनीवर. मैदानाची माती उत्तम. ज्युदो-कराटेच्या जाड मऊ मॅटवर असेल तर चौघांनी ओढून बाजूच्या फरशीवर घ्या, कारण मॅटवर तुमचा अर्धा जोर गादीच दाबण्यात जातो. चेस्ट गार्डचे पट्टे कापून तो काढा, शर्ट वर करा किंवा फाडा. यात पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

छातीलगत गुडघ्यांवर बसा. एका तळहाताचा मनगटाकडचा टणक भाग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. दुसरा हात त्यावर, बोटं अडकवून वर उचललेली. कोपरं सरळ. खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडातून काढू नका, कमरेपासून वरचं वजन टाका. दंडाने दाबणारा मिनिटभरात गळतो.

- खोली : मोठ्यांना ५ ते ६ सेंटिमीटर. मुलांना छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर. लहानखुऱ्या मुलाला एक हात पुरतो.
- वेग : मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्याने मोजा. तीस दाबांना १५ ते १८ सेकंद लागायला हवेत.
- सोडणं : प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हृदय भरतं ते याच वेळी. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ते छातीवर रेलून राहतात.
- बदली : दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नसला तरी. बदली पाच सेकंदांच्या आत. दुसऱ्याने आधीच समोर गुडघ्यांवर तयार बसलं पाहिजे.

तोंडाने श्वास द्यायचा का? प्रशिक्षण झालं असेल आणि पॉकेट मास्क असेल तर ३० दाब, २ श्वास. झालं नसेल तर फक्त दाबत राहा. भारतात इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत ठरवली आहे. मार लागून अचानक बंद पडलेल्या हृदयात हे पटण्यासारखंही आहे : क्षणापूर्वी मूल धावत होतं, रक्तात प्राणवायू आहे, तो फक्त फिरवायचाय. (बुडालेल्या मुलाचं गणित वेगळं, तिथे श्वास महत्त्वाचा.)

बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका. हाताची जागा तपासा आणि चालू ठेवा. बरगडी जुळते.

हे करू नका : तोंडावर पाणी मारणं, पाणी पाजणं, उठवून बसवणं, पाय वर धरणं, तळवे चोळणं, छातीवर मूठ आपटणं. यांतली शेवटची गोष्ट कधीकाळी शिकवली जायची म्हणून जुने लोक सुचवतील. तिच्यात वेळ घालवू नका.

आणि मूल उचलून कुणाच्या गाडीत टाकून सुटू नका. धावत्या कारच्या मागच्या सीटवर धड दाबता येत नाही, रिक्षात तर मुळीच नाही. सिग्नलला गेलेली चार मिनिटं परत मिळत नाहीत. शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक, छाती दाबली नाही तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाबत राहिलात तर ही घसरण मंदावते. रुग्णवाहिका येणारच नाही हे नक्की कळलं, तरच टेम्पो किंवा पिकअपसारखी सपाट तळाची गाडी बघा. तिच्या तळावर मूल झोपवून दोघांनी आळीपाळीने दाबत, जिथे शॉकचं यंत्र आणि आयसीयू आहे अशाच ठिकाणी जा. गल्लीतल्या दवाखान्यात थांबून ‘जरा बघा हो डॉक्टर’ म्हणण्यात अर्थ नाही.

७. एईडी आल्यावर

यंत्र आलं म्हणून दाबणं थांबवायचं नाही. एक दाबतोय, दुसरा यंत्र लावतोय.

क. झाकण उघडा किंवा हिरवं बटण दाबा. यंत्र बोलू लागेल, बहुधा इंग्रजीत. कोणती वाक्यं येतात ते सरावात ऐकून ठेवा.

ख. घाम टॉवेलने खसाखसा पुसा. स्पिरिट लावू नका. उन्हात दोन तास फिल्डिंग केलेल्या मुलाच्या छातीवर पॅड न चिकटणं, ही मैदानावरची नेहमीची अडचण आहे.

ग. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅडवर चित्र असतं. गळ्यातली चेन, ताईत, लॉकेट कापत बसू नका, बाजूला सरकवा. आठ वर्षांखालच्या किंवा २५ किलोखालच्या मुलाला मुलांचे पॅड. नसतील तर मोठ्यांचेच लावा. दोन पॅड एकमेकांना भिडत असतील तर एक छातीच्या मधोमध आणि एक पाठीवर.

घ. यंत्र लय तपासू लागलं की कुणीही मुलाला हात लावायचा नाही. आईनेसुद्धा नाही. कुणीतरी तिला आधीच धरून उभं राहिलेलं बरं.

च. ‘शॉक द्या’ असं सांगितलं तर ‘सगळे मागे!’ असं ओरडा, डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवा, बटण दाबा. अंग एकदा उसळेल.

छ. लगेच पुन्हा दाबायला लागा. शॉकनंतर मूल उठून बसेल म्हणून सगळे थांबून बघत राहतात. लय परतली तरी हृदयाला जोर धरायला वेळ लागतो. दोन मिनिटं दाबा, मग यंत्र स्वतःच पुन्हा तपासेल.

यंत्र ‘शॉकची गरज नाही’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘मूल ठीक आहे’ असा नाही. मूल नीट श्वास घेत नसेल तर दाबणं चालूच. चुकून भलत्याला शॉक बसेल ही भीती सोडा. योग्य लय सापडल्याशिवाय यंत्र शॉक देत नाही. पाऊस पडत असेल तर डबक्यातून बाहेर ओढा, छाती पुसा आणि लावा.

मूल हालचाल करू लागलं, स्वतःहून नीट श्वास घेऊ लागलं तर कुशीवर वळवा. पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका. लय पुन्हा बिघडू शकते.

८. इस्पितळात काय सांगायचं

एक वाक्य विसरू नका : ‘छातीवर, या जागी चेंडू लागला आणि इतक्या सेकंदांनी कोसळला.’ हे कुणी सांगितलंच नाही तर डॉक्टर उष्माघात, फिट, जन्मजात दोष यांच्या मागे लागतात, कारण छातीवर खूण नसतेही. सोबत कोसळल्याची वेळ, दाबायला सुरुवात केल्याची वेळ, किती शॉक दिले ते कागदावर. स्कोअरर हे काम चोख करतो, त्याला सांगा. एईडी पण घेऊन जा. त्याच्या स्मृतीत लयीची नोंद असते आणि निदानाला तिच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. कुणी मोबाइलवर सामना टिपत असेल तर तो व्हिडिओही डॉक्टरांना दाखवा, ग्रुपवर टाकू नका.

इस्पितळ पोलिसांना कळवेल, केस एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदवली जाईल. ती त्यांची रीत आहे. घाबरून निघून जाऊ नका. मदत करणाऱ्याला कायद्याचा आधार आहे : भारतीय न्याय संहितेचं कलम ३० (जुन्या दंडसंहितेतलं ९२) संमती घेणं शक्य नसताना कुणाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. मोटार वाहन कायद्यातलं १३४ए लोक नेहमी पुढे करतात, पण ते रस्ते अपघातापुरतं आहे.

९. मार बसूच नये म्हणून

चेस्ट गार्ड घाला, पण त्यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या नोंदींत स्पर्धात्मक खेळात बळी पडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी छातीचं संरक्षण घातलेलं होतं. साधा गार्ड बरगडी वाचवायला बनवलेला असतो. हात वर उचलला की तो सरकतो आणि हृदयावरचीच जागा उघडी पडते. लय बिघडण्याविरुद्ध चाचणी झालेल्या गार्डसाठी अमेरिकेत ‘एनओसीएसएई एनडी२००’ हे मानक आहे. बजेटमध्ये चेस्ट गार्ड किंवा एईडी यांपैकी एकच बसत असेल तर एईडी घ्या.

त्याहून स्वस्त उपाय कोचच्या हातात आहेत. तेरा वर्षांखालच्या मुलांना हलका चेंडू द्या, १३३ ते १४४ ग्रॅमचा; दुकानदार ‘एकच साइज येतो’ म्हणेल, तरी मागा. लहान मुलांना सिली पॉइंट, शॉर्ट लेगला उभं करू नका. इंग्लंडच्या बोर्डाचा नियम उसना घ्यायला हरकत नाही : तेरा वर्षांखालच्या गटात मधल्या स्टंपपासून १० मीटरच्या आत आणि पंधरा वर्षांखालच्या गटात ७.३ मीटरच्या आत क्षेत्ररक्षक नको, ऑफ साइडला यष्टीमागे उभे राहणारे सोडून. शॉर्ट बॉलला छाती पुढे करून ‘अंगावर घे, घाबरतोस काय’ हे शिकवणं बंद करा. खांदा वळवून चेंडू सोडायला शिकवा. नेट्समध्ये फाटलेली जाळी शिवून घ्या. जवळून थ्रोडाउन देताना चेंडू टेनिसचा घ्या.

१०. बरं झाल्यावर पुन्हा खेळायचं का?

हे ठरवणारा हृदयरोगतज्ज्ञ, कोच नव्हे आणि वडीलही नव्हेत. ईसीजी, इको, ट्रेडमिल, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि गरजेनुसार हृदयाचा एमआरआय यांतून आधीपासूनचा काही दोष नाही ना, हे तपासतात. जाड झालेला हृदयाचा स्नायू, लांब क्यूटी, ब्रुगाडा (हे दोन्ही हृदयाच्या लयीचे दोष) यांसारखं काही निघालं तर वाट वेगळी. काहीच निघालं नाही तर बहुतेकांना परत खेळायची मुभा मिळते, आणि शरीरात शॉकचं यंत्र बसवायची सहसा गरज पडत नाही.

मूल परत येईल त्या दिवशी नेट्समध्ये पहिला चेंडू टेनिसचा टाका. आणि त्याआधी लाल पिशवी उघडून बघा : वापरलेल्या पॅडच्या जागी नवी जोडी आली का, हातमोजे भरले का, आणि यंत्रावरचा दिवा हिरवा आहे का.